शून्याने गुणलेला सूर

धाकटीला शून्य मिळालं. कमी नाही, काठावर नाही, दोन-चार गुणांनी हुकलं असंही नाही. चक्क शून्य. वहिनीने निकाल पुन्हा पुन्हा पाहिला आणि दर वेळी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण ज्या मशीनने हे गुण दिले होते, त्याच्यासमोर नुसती खुर्ची सरकवली तरी पाच-सहा गुण मिळतात, हे तिला पक्कं माहीत होतं. ते मशीन तिच्याच ऑफिसात बनत होतं. मागे एकदा चाचणी चालू असताना कुणाच्या तरी शिंकेला नऊ गुण पडले होते आणि अख्खं ऑफिस पोट धरून हसलं होतं. शिंकेला नऊ आणि धाकटीला शून्य!

धाकटी म्हणजे वहिनीची नणंद. तिचा आवाज खालचा. घोगरा नव्हे, फाटका नव्हे. स्वच्छ, भरलेला, पण खालचा. बाकीच्या मुली जिथे गातात त्याच्या बरोबर एक मजला खाली तिचं बिऱ्हाड. शाळेत असताना गाण्याच्या बाईंनी तिला समूहगीतात मागच्या रांगेत उभं केलं आणि गोड आवाजात सांगितलं, "तू नुसते ओठ हलव हं, बाळ." आणि या गुणी बाळाने वर्षभर ओठ हलवले. वहिनीला हे कळलं तेव्हा लग्नाला चार दिवस झाले होते, घरात ती अजून पाहुण्यासारखी वावरत होती, तरी तिने त्या न पाहिलेल्या बाईंच्या नावाने बोटं मोडली होती. तिथूनच दोघींचं जमलं.

पण ओठ हलवणारी ही मुलगी गाणं सोडून बसली नाही. शिकली, घासली, आणि आता एका शाळेत लहान मुलांना गाणं शिकवत होती. मुलं तिच्यावर जीव टाकत. नोकरी मात्र तात्पुरती. कायमची जागा आता निघत होती आणि मुख्याध्यापिका तिलाच घ्यायला तयार होत्या, फक्त परीक्षा मंडळाचं प्रमाणपत्र हवं होतं. ते नसेल तर सुट्टीनंतर धाकटीच्या खुर्चीत दुसरं कुणी बसणार, हे उघड होतं.

ती परीक्षा मशीनवर. उमेदवाराने आपली पट्टी निवडायची, मशीन हेडफोनमधून साथ देणार, उमेदवार गाणार, आणि त्याचा सूर साथीच्या सुराशी किती जुळला ते मशीन ठरवणार. मंडळाचं म्हणणं, मशीन वशिला ओळखत नाही. ते खरंच होतं. ते बाकीचंही बरंच काही ओळखत नव्हतं.

"झालं काय त्या खोलीत? पहिल्यापासून सांग," वहिनीने विचारलं.

"काही नाही झालं."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काही वाजलंच नाही, वहिनी. मी नंबर टाकला, 'स्त्री' निवडलं, एक सप्तक खाली केलं. हिरवा दिवा लागला. पण कानात चिडीचूप."

"मग हात नाही वर केलास? काचेपलीकडे परीक्षक असतात ना?"

"होते. कागद बघत होते. मला वाटलं, परीक्षाच असेल ही. साथ काढून घेतली तर सूर धरता येतो का, ते बघत असतील. मग मी तशीच गायले."

"पूर्ण?"

"पूर्ण. छान झालं होतं गं. पण निकाल बघितल्यावर वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. भलतंच बटण दाबलं असेन."

"तुझंच बरं चुकतं दर वेळी! जगात बाकी कुणाचं काही चुकतच नाही!"

"माझ्यावर कशाला ओरडतेस?"

खरंच होतं तेही. वहिनीने ओरडणं आवरतं घेतलं आणि राग तसाच बांधून दुसऱ्या दिवशी ऑफिसात नेला.

ऑफिस म्हणजे काचा कापणाऱ्याच्या दुकानावरच्या चार खोल्या. सुरांचं मशीन बनवणाऱ्यांनी नेमकी हीच जागा का घेतली, याचं उत्तर भाडं हेच होतं. खाली काच किंचाळली की वर सगळे दातावर दात दाबून बसत. म्हणून एका खोलीच्या चारही भिंतींना गाद्या ठोकल्या होत्या आणि चाचण्या तिथे होत. वहिनी आल्या आल्या त्या खोलीत शिरली, हेडफोन चढवले आणि 'स्त्री' निवडून सप्तकाचं बटण फिरवू लागली. शून्यावर ठेवलं, षड्ज वाजला. एक वर नेलं, वरचा षड्ज वाजला. उणे एकवर आणलं, आणि काही नाही. वायर बदलली. हेडफोन बदलले. मशीनच दुसरं घेतलं. काही नाही. मग सहज तिने बटण दोन वर नेलं, तर तिथे काहीतरी वाजलं, पण तो सा नव्हता. 'सा'च्या जागी स्वच्छ, सुरेल, निर्लज्ज पंचम वाजत होता.

वहिनीचं काम पडद्यांचं. बटणावर काय लिहायचं, कुठे काय दिसायचं, आणि नवी आवृत्ती निघाली की सोबतचं पत्रक लिहून ते सगळ्या केंद्रांना पाठवायचं. सुरांचा हिशेब हा प्रोग्रॅमचा गाभारा, तो गुरुजींचा. तिथे इतरांनी चप्पल घालून जायचं नाही, असा अलिखित नियम होता. वहिनी त्या दिवशी चपलेसकट गेली. तिला फार शोधावंही लागलं नाही. ओळ एवढीशी होती: सूर गुणिले, कंसात, एक अधिक सप्तक.

ती ओळ वाचून वहिनीने कपाळावर हात मारला. सूर एक सप्तक वर न्यायचा तर त्याची कंपनं दुप्पट करायची. आणखी एक सप्तक वर, तर पुन्हा दुप्पट, म्हणजे चौपट. खाली यायचं तर निम्मी. प्रत्येक पायरीला दुप्पट नाहीतर निम्मं; बेरजेचं तिथे कामच नाही. गुरुजींनी बेरीज केली होती. जागच्या जागी राहायचं तर एक अधिक शून्य, एकपट, बरोबर. एक वर, तर एक अधिक एक, दुप्पट, तेही बरोबर. दोन्ही योगायोगाने जमलं, म्हणून कुणाला शंका आली नाही. दोन वर गेलं की चौपटीऐवजी तिप्पट व्हायचं आणि 'सा'चा पंचम व्हायचा. आणि एक खाली, तर एक अधिक उणे एक. शून्य. जो सूर निम्मा व्हायचा तो नाहीसाच होत होता. हेडफोनमध्ये शांतता, आणि मशीन त्या नाहीशा झालेल्या सुराशी धाकटीचं गाणं ताडून बघत बसलं होतं. शून्याशी काय कपाळ जुळणार?

गुरुजी हे काही खरे गुरुजी नव्हते. साधं काही विचारलं तरी ते मुळापासून समजावू लागत, म्हणून ते नाव पडलं होतं. वहिनी त्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"गुरुजी, दोन सप्तकं वर म्हणजे किती पट?"

"तिप्पट," गुरुजी चहाचा कप हातात घेऊनच म्हणाले. "एक वर म्हणजे दुप्पट, दोन वर म्हणजे तिप्पट. हे बघ, मुळात सप्तक म्हणजे काय..."

"मुळात नको. एक खाली म्हणजे किती पट ते सांगा."

"सोपं आहे. एक वर जाताना एक पट वाढते. मग खाली येताना एकातून एक पट..." गुरुजींचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. खाली काच किंचाळली.

"बोला ना."

"शून्य पट," ते म्हणाले आणि कप खाली ठेवला. "हं. म्हणजे खाली जाताना जरा वेगळा विचार करायला हवा होता."

"खाली जाताना नाही, सगळीकडेच. हिशेबच चुकलाय."

"चुकलाय म्हणू नकोस. शून्य आणि एक दोन्ही तपासलेत मी. बरोबर येतात. आणि इतकी वर्षं कुणाची तक्रार आली का?"

"आली होती. ते बासरीचे मास्तर म्हणत होते, वर सा मागितला की पंचम वाजतो. तुम्ही त्यांना काय उत्तर पाठवलंत? कान तपासून घ्या!"

"वय झालंय त्यांचं," गुरुजी पुटपुटले. मग त्यांना आधार सापडला. "आणि मला सांग, खालचं सप्तक लागतं कुणाला? पुरुषांचा मूळ सूर आपण आधीच खाली ठेवलाय. त्यांना ते बटण दाबावंच लागत नाही. आणि बायका कशाला दाबतील?"

"ज्यांचा आवाज खालचा आहे त्या दाबतील!"

"अशा असून असून किती असणार?"

"माझ्या घरात एक आहे, गुरुजी. जेवायला शेजारी बसते माझ्या."

गुरुजींनी चष्मा काढून पुसायला घेतला. माणूस वाईट नव्हता. पण आपली बेरीज चुकली हे म्हणण्यापेक्षा जगात खालच्या आवाजाच्या बायकाच नाहीत, हे म्हणणं त्यांना सोपं वाटलं होतं, आणि याची वहिनीला भयंकर चीड आली.

ती तडक सरांच्या केबिनमध्ये गेली. सर म्हणजे मालक. साखर पेरत बोलणारा माणूस. पगार उशिरा झाला तरी असं हसून सांगणार की ऐकणाऱ्यालाच अवघडल्यासारखं व्हावं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आजच्या आज दुरुस्त करायला सांगतो," ते म्हणाले. वहिनीचा जीव भांड्यात पडला. तो तिथे फार वेळ राहिला नाही. "आणि नव्या आवृत्तीच्या पत्रकात तू छानपैकी लिही, की आता खास महिलांसाठी खालच्या सप्तकाची नवी सोय."

आपण ऐकण्यात चुकलो असं वहिनीला वाटलं. "नवी सोय?"

"मग? आत्तापर्यंत ती चालत नव्हती, हो ना? आता चालेल. म्हणजे नवी."

"सर, बटण होतं तिथे. त्यावर उणे एक लिहिलंय. मीच लिहिलंय."

"बटण होतं, पण सोय नव्हती. यात खोटं काय आहे?"

"आणि ज्यांनी ते बटण दाबून परीक्षा दिली त्यांचं काय?"

"त्यांनी नसलेली सोय वापरली," सर म्हणाले, आणि हसले. "हे बघ, तुझी नणंद आहे, तुला वाईट वाटणार. मी समजू शकतो. पण मंडळाचं काम आपल्या हातात टिकलं पाहिजे. चूक झाली म्हणून एकदा लिहून दिलं की ते उद्या दुसऱ्याकडे जातील. घरच्या गोष्टी ऑफिसात आणू नयेत."

घरच्या गोष्टी! हिशेब ऑफिसातला, मशीन ऑफिसातलं, शून्य ऑफिसातलं. घरची होती ती फक्त रडून डोळे सुजलेली मुलगी. पण वहिनीला त्या क्षणी एवढंच सुचलं, की धाकटीने आपलं आपण बोलावं. चारचौघांसारखी रीतसर तक्रार आली तर यांना ती उडवून लावता येणार नाही. तिने बाहेर जाऊन धाकटीला फोन केला, ऑफिसचा नंबर दिला आणि बजावलं, "माझं नाव घेऊ नकोस. काय घडलं तेवढंच सांग. आणि सॉरी म्हणायचं नाही."

तक्रारींचा फोन घेणारी मुलगी त्या दिवशी रजेवर होती. त्यामुळे दुपारी सरांनी वहिनीला पत्रकाचं विचारायला बोलावलं, तेव्हा त्यांच्याच टेबलावरचा फोन वाजला. सर सह्या करत होते. त्यांनी स्पीकर लावला.

"नमस्कार. मला तुमच्या मशीनबद्दल बोलायचंय," धाकटीचा आवाज केबिनभर पसरला. "मंडळाच्या परीक्षेत खालच्या सप्तकात मशीन वाजलंच नाही."

सर खुर्चीत ताठ झाले. पेन बाजूला गेलं. "हो सर, बोला सर. मंडळातून बोलताय ना, सर?" आणि त्यांनी वहिनीला गप्प राहायची खूण केली. "ते आमच्या लक्षात आलंय, सर. चूक आमचीच आहे, त्यात वादच नाही. मी स्वतः लक्ष घालतोय."

"मग ज्यांना शून्य मिळालंय त्यांचं काय?"

"अन्यायच झालाय त्यांच्यावर, सर. तुम्ही सांगाल तसं लिहून देतो. आजच देतो."

बोलू नकोस, वहिनी मनातल्या मनात धाकटीला म्हणत होती, आता एक अक्षर बोलू नकोस, नुसतं हं म्हण आणि फोन ठेव. पण धाकटी खोटं बोलणाऱ्यातली नव्हती, आणि दुसऱ्याच्या गैरसमजावर पोळी भाजून घेणाऱ्यातलीही नव्हती.

"मी मंडळातून नाही बोलत," ती म्हणाली. "मी उमेदवार आहे. मलाच शून्य मिळालंय."

"उमेदवार? तुम्ही... मॅडम आहात का?"

"हो."

सर मागे रेलले. त्यांनी पेन पुन्हा उचललं आणि पुढच्या कागदावर सहीसुद्धा केली. "असं होय! आवाजावरून मला वाटलं... असो. काय असतं ताई, परीक्षेत घाबरायला होतं. तुम्ही बटण नीट दाबलं नसेल. मशीन आमचं एकदम उत्तम आहे."

"पण आत्ताच तुम्ही म्हणालात, चूक आमचीच आहे."

"मी असं काही म्हणालो नाही, ताई. तुमच्या ऐकण्यात चूक झाली."

ऐकण्यात चूक! उभं आयुष्य सूर ऐकण्यात घालवणाऱ्या मुलीला हा माणूस सांगत होता की तुला नीट ऐकू येत नाही. आवाज तोच, वाक्यं तीच, तक्रार तीच. फक्त बोलणारी बाई आहे एवढं कळलं, आणि सरांची चूक जागच्या जागी शून्य झाली. वहिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती टेबलावर वाकली आणि फोनच्या तोंडाशी तोंड नेऊन म्हणाली, "धाकटे, फोन ठेवू नकोस. ते म्हणालेत. चूक आमची म्हणालेत, अन्याय झालाय म्हणालेत, लिहून देतो म्हणालेत. मी इथेच उभी आहे, मी ऐकलंय."

"वहिनी?" फोनमधून आलं.

"आवाज खाली कर!" सर ओरडले. साखर संपली होती.

"खाली केला तर तुमचं मशीन ऐकणार आहे का?"

बाहेरच्या खोलीत टाइप करण्याचे आवाज बंद झाले. सरांनी फोन कट केला. ते पुन्हा हळू बोलू लागले, पण आता त्या हळू बोलण्यात दात होते. "हे पत्रक तू लिहिणार आहेस की नाही, तेवढं सांग."

"लिहिते," वहिनी म्हणाली.

आणि तिने लिहिलं. आपल्या जागेवर बसून, एकही शब्द न खोडता लिहिलं: खालच्या सप्तकाचं बटण दाबल्यावर आमचं मशीन आजवर मुकं राहत होतं. हिशेब चुकीचा होता आणि तो आम्ही केला होता. ज्या उमेदवारांनी हे बटण दाबून परीक्षा दिली, त्यांना मिळालेले गुण धरू नयेत. त्यांचं काहीही चुकलेलं नव्हतं. खाली तिने स्वतःचं नाव आणि हुद्दा घातला, आणि नेहमीप्रमाणे ते पत्रक मंडळाला आणि सगळ्या केंद्रांना पाठवून दिलं. पाठवण्याचं काम तिचंच होतं. त्यासाठी कुणाची परवानगी आजवर कधी लागली नव्हती.

गुरुजींच्या पडद्यावरही ते उमटलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. "हिशेब चुकीचा होता, एवढं पुरे होतं गं," ते हळूच म्हणाले. "तो आम्ही केला, हे कशाला?"

"मग कुणी केला, गुरुजी?"

गुरुजींनी ती ओळ उघडली आणि बेरीज काढून टाकली. हे तरी त्यांनी तिच्या देखत केलं.

उद्यापासून येऊ नकोस, हे सरांनी स्वतः सांगितलं नाही, शिपायाबरोबर निरोप पाठवला. वहिनी आपला कप, खुर्चीवरचा स्वेटर आणि खणातली चपलांची जादा जोडी पिशवीत भरून घरी आली.

"नोकरी घालवलीस?" नवऱ्याने दारातच विचारलं.

"घालवली नाही. सोडली. सोडताना जरा आवाज झाला, एवढंच."

तो काही वेळ डोकं धरून बसला. मग उठून त्याने चहा टाकला, तिघांसाठी. धाकटी मात्र कोपऱ्यात मान खाली घालून बसली होती. "माझ्या आवाजापायी तुझी नोकरी गेली, वहिनी. कशाला गं एवढं केलंस? मी पुढच्या वेळी दिली असती परीक्षा. वरच्या सप्तकात जमवलं असतं कसंतरी."

"कसंतरी!" वहिनी फुटलीच. "शाळेत ओठ हलवलेस, तिथे शून्याशी गायलीस, आणि आता कसंतरी जमवणार? अगं, कधीतरी चीड ना! मी एकटीने किती चिडायचं तुझ्या वाट्याचं?"

धाकटीने चहा घेतला.

दोन दिवसांनी मंडळाकडून बोलावणं आलं. दोघी गेल्या. लांब बोळ, भिंतीला लागून बाकं, बाकांवर कागद धरून बसलेली माणसं, आणि टोकाला परीक्षाप्रमुखांची खोली. प्रमुख म्हणजे साठीकडे झुकलेल्या, नीटनेटक्या, कामाचा उरक असलेल्या बाई. त्यांच्या टेबलावर वहिनीचं पत्रक होतं आणि बाजूला मशीन.

"आम्ही तपासून पाहिलं," प्रमुखबाई म्हणाल्या. "खरंच वाजत नाही. वाईट झालं. तुमच्यासारख्या आणखी बऱ्याच जणी निघाल्यात, आणि गंमत म्हणजे एकीनेही तक्रार केली नव्हती. सगळ्यांना वाटलं, आपलंच चुकलं." त्यांनी एक कागद पुढे सरकवला. "तर आम्ही असं ठरवलंय, की सगळ्यांना सरासरी गुण देऊन पास करायचं. इथे सही करा. प्रमाणपत्र आजच घेऊन जा."

वहिनीला एकदम हलकं वाटलं. मिळालं! शाळा मिळाली, जागा मिळाली, आता नोकरी गेली तर गेली. तिने घाईघाईने पर्समधून पेन काढलं, टोपण उघडलं आणि धाकटीपुढे धरलं. धाकटीने ते घेतलं नाही.

"नाही," ती म्हणाली.

दार उघडंच होतं. बोळातल्या बाकांवरच्या माणसांनी माना वळवल्या.

"अहो, पास करतोय तुम्हाला," प्रमुखबाई म्हणाल्या.

"न ऐकता नापास केलंत. आता न ऐकताच पास करताय. मग मला ऐकणार कोण?"

वहिनीने तिचा कोपर दाबला. अगं सही कर ना, हे तिच्या ओठांवर आलंच होतं. मग तिचं तिलाच कळलं, आपण हिला गप्प करतोय. दोन दिवसांपूर्वी चीड म्हणून आपणच कानीकपाळी ओरडलो, आणि ही चिडली तर आपणच कोपर दाबतोय. ती मनातून भयंकर शरमली आणि तिने हात काढून घेतला.

"पुन्हा परीक्षा म्हणजे पुढच्या सत्रात," प्रमुखबाई समजावणीच्या सुरात म्हणाल्या. "तोवर तुमच्या शाळेतली जागा जाईल. नीट विचार करा."

"म्हणून तर आत्ता ऐका. तुम्ही आहात, मी आहे. आणखी काय लागतं?"

"पण मशीन अजून दुरुस्त होऊन..."

"मशीन मला लागत नाही. त्या दिवशीही लागलं नव्हतं."

तिने खांद्यावरची पिशवी खुर्चीवर ठेवली, दोन पावलं मागे सरकली आणि तिथेच, फायलींच्या कपाटापुढे उभी राहून, आपल्या खालच्या षड्जाला हात घातला. परीक्षेत गायलेलीच रचना. वहिनीने ती घरात, आतल्या खोलीचं दार लोटून गायलेली अनेकदा ऐकली होती. दार न लोटता आज पहिल्यांदा ऐकली. रागाने सूर हलेल अशी तिला धास्ती होती. तो हलला नाही. राग सगळा खाली गेला होता आणि त्यावर सूर पाय रोवून उभा होता. बोळातली दोन माणसं उठून दाराशी आली. शिपाई ट्रे घेऊन आला आणि ट्रे घेऊनच उभा राहिला. प्रमुखबाईंनी आधी घड्याळ पाहिलं, मग पाहिलं नाही.

पहिलं कडवं संपलं तेव्हा त्यांनी डोळे पुसल्यासारखं केलं आणि हात वर केला. "पुरे, पुरे. कळलं आम्हाला. फार सुंदर."

"अजून संपलं नाही," धाकटी म्हणाली आणि तिने दुसरं कडवं आणखी खालून उचललं. वहिनीने पेनाला टोपण लावलं आणि ती खुर्चीवर बसून ऐकू लागली.